कडी कोण लावणार?

सरकारी पानावर सट्ट्याचा अड्डा, विद्यापीठाच्या साइटवर ‘इन्स्टा हॅक करून मिळेल’ची जाहिरात. हे सगळं आत येतं कुठून? अनेकदा ‘फाइल अपलोड करा’ या गरीब बिचाऱ्या बटणातून. तेच बटण तुमच्या कॉलेजच्या, मंडळाच्या, क्लायंटच्या साइटवरही आहे. त्याच्या मागचं दार कुणी लावलंय का?

एखाद्या सरकारी खात्याची माहिती गूगलवर शोधावी, पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ दिसतंय म्हणून निर्धास्त क्लिक करावं आणि समोर ऑनलाइन सट्ट्याचं दुकान उघडावं. ऐकायला गंमत वाटेल, पण हे घडलंय. मे २०२४मध्ये ‘टेकक्रंच’ या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या साइटने दाखवून दिलं की, सुमारे चार डझन सरकारी लिंक लोकांना थेट सट्ट्याच्या साइटवर नेऊन सोडतायत. बिहार, कर्नाटक, केरळ, तेलंगण यांच्याबरोबर आपल्या शेजारचा गोवाही त्या यादीत होता. जानेवारी २०२५मध्ये पुन्हा तशीच बातमी आली. या वेळी लिंकची संख्या नव्वदीच्या पुढे गेली होती.

हे फक्त आपल्याकडेच होतं, असं समजू नका. जून २०२३मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया, नॉर्थ कॅरोलायना, ओहायो अशा राज्य सरकारांच्या आणि स्टॅनफर्ड, येल, बर्कली अशा नामांकित विद्यापीठांच्या साइटवर भलत्याच पीडीएफ फाइली सापडल्या. आत जाहिरात काय, तर ‘इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटचं अकाउंट हॅक करून देतो’. ‘सिटिझन लॅब’ या संस्थेचे संशोधक जॉन स्कॉट-रेल्टन यांच्या नजरेला त्या पडल्या. यात काही ठिकाणी सर्व्हर फोडायचीही गरज पडली नव्हती. फॉर्मला फाइल जोडायची सोय होती, ती सगळ्यांना उघडी होती आणि जोडलेली फाइल लगेच सगळ्या जगाला दिसत होती. बस्स, एवढंच.

सरकारी किंवा शैक्षणिक साइटच का? तर तिची पत मोठी. गूगल अशा पत्त्यांवर जास्त भरवसा ठेवतं, लोकही ठेवतात. स्वतःच्या नावाने सट्ट्याची साइट काढली तर ती शोधात पन्नासाव्या पानावर पडेल. पण दुसऱ्याच्या चांगल्या नावामागे लपलं की काम सोपं. त्यातून ऑगस्ट २०२५मध्ये आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर कायद्यानेच बंदी आली. उघड जाहिरात बंद झाली की चोरून चिकटवलेल्या पानांची किंमत वाढणार, हा साधा बाजाराचा हिशेब आहे.

अशा घुसखोरीचे मार्ग अनेक असतात. चोरलेला पासवर्ड, वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं सॉफ्टवेअर, अर्धवट सोडून दिलेली साइट. त्यातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित मार्ग म्हणजे अपलोड. आणि तो उघडा राहण्याचं कारण दर वेळी तंत्रज्ञानातलं नसतं. पुष्कळदा ते माणसांमधलं असतं.

ठेवलेली फाइल आणि चाललेली फाइल

आधी बटणामागे होतं काय ते बघू. तुम्ही मार्कशीटचा फोटो निवडता, ‘सबमिट’ दाबता. फाइल सर्व्हरवर येते, एका तात्पुरत्या जागी उतरते आणि मग साइटचा प्रोग्रॅम ती उचलून ‘अपलोड्स’सारख्या फोल्डरमध्ये ठेवतो. मग कुणी त्या फोटोचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की, सर्व्हर तो फोटो जसाच्या तसा काढून दाखवतो.

पण सगळ्याच फाइली अशा निमूट पडून राहात नाहीत. वर्डप्रेसवर किंवा पीएचपी भाषेत केलेल्या साइट घ्या, आणि आपल्याकडच्या छोट्या साइटमध्ये त्या ढिगाने आहेत. तिथे ‘पीएचपी’ने संपणारी फाइल मागितली तर सर्व्हर ती दाखवत नाही, चालवतो. म्हणजे फोटोच्या जागी कुणी चार ओळींची पीएचपी फाइल चढवली आणि नंतर तिचा पत्ता उघडला की, त्या चार ओळी तुमच्या सर्व्हरवर तुमच्याच अधिकाराने चालू लागतात. याला ‘वेबशेल’ म्हणतात. ती एकदा बसली की बाहेरच्या माणसाला फाइली वाचता येतात, पुसता येतात, डेटाबेसचा पासवर्ड बघता येतो, तुमच्या नावाने ईमेल पाठवता येतात.

हे प्रमाण किती? ऑगस्ट २०२० ते जानेवारी २०२१ या काळात मायक्रोसॉफ्टला महिन्याला सरासरी १ लाख ४० हजार वेबशेल आढळल्या. त्याच्या आदल्या वर्षी हा आकडा ७७ हजार होता. सॉफ्टवेअरमधल्या सगळ्यात धोकादायक २५ दोषांची यादी ‘माइटर’ ही अमेरिकी संस्था दरवर्षी काढते. २०२४च्या यादीत ‘घातक प्रकारची फाइल बिनदिक्कत आत घेणं’ हा दोष दहाव्या क्रमांकावर होता.

आणि फाइल चाललीच नाही, तरी त्रास संपत नाही. हुबेहूब बँकेसारखं दिसणारं एचटीएमएल पान तुमच्या फोल्डरमध्ये नुसतं पडून राहिलं, तरी लोक तुमच्या पत्त्यावर फसतात. कुणी सिनेमे चढवले तर तुमची जागा भरते. अमेरिकेतल्या त्या पीडीएफसारखी साधी जाहिरात आली, तरी नाव तुमचंच खराब होतं.

दानपेटीची युक्ती

हे दुखणं नवं नाही, वेबपेक्षाही जुनं आहे. तेव्हा फाइली देण्याघेण्यासाठी ‘एफटीपी’चे सर्व्हर असायचे आणि विद्यापीठं त्यातला एखादा फोल्डर सगळ्यांसाठी मोकळा ठेवायची. कुणीही यावं, फाइल ठेवून जावं. झालं काय, तर चोरीचं सॉफ्टवेअर वाटणाऱ्यांनी त्याचा गोदामासारखा वापर सुरू केला. एक ठेवून जायचा, दहा जण उचलून न्यायचे, इंटरनेटचं बिल विद्यापीठाचं.

त्यावर निघालेली युक्ती आपल्याला देवळात रोज दिसते. दानपेटी! वरच्या फटीतून कुणीही टाकू शकतो, पण टाकलेलं बाहेर काढता येत नाही. किल्ली विश्वस्तांकडे. त्याच धर्तीवर सर्व्हरचा तो फोल्डर ‘टाकता येईल पण वाचता येणार नाही’ असा केला गेला. आतलं तपासून मग जे योग्य ते बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायचं.

तीस वर्षांनंतरही अपलोडच्या सुरक्षेचं सार हेच आहे. लोकांनी टाकलेली गोष्ट ताबडतोब जगाला दिसू द्यायची नाही आणि काहीही झालं तरी चालू द्यायची नाही. मग आपल्या साइटवर हे का होत नाही? कारण बहुतेक जण पेटी बांधायच्या ऐवजी दारात वॉचमन उभा करतात, आणि तो फक्त नाव विचारतो.

नाव विचारणारा वॉचमन

‘फक्त जेपीजी आणि पीडीएफ चालेल’ असं फॉर्मवर लिहिलेलं असतं. पण ही तपासणी बऱ्याचदा फक्त ब्राउझरमध्ये होते. ब्राउझर तर समोरच्याच्या हातात. तो ती तपासणी बंद करू शकतो, किंवा ब्राउझर न वापरता थेट सर्व्हरला फाइल पाठवू शकतो. फाइलसोबत ‘मी चित्र आहे’ अशी जी चिठ्ठी जाते, तीसुद्धा पाठवणाराच लिहितो. म्हणजे चोरानेच स्वतःचं ओळखपत्र छापून आणावं आणि आपण ते बघून सलाम ठोकावा, तसं.

बरं, सर्व्हरवर तपासणी ठेवली आणि ‘पीएचपी’ला बंदी घातली. मग ‘पीएचपी५’, ‘पीएचटीएमएल’, ‘फार’ अशी त्याची भावंडं येतात, कारण काही सर्व्हर त्यांनाही तसंच चालवतात. किंवा ‘फोटो डॉट पीएचपी डॉट जेपीजी’ असं दुहेरी आडनाव लावलेली फाइल येते. आपल्याला शेवटी जेपीजी दिसतं, पण अपाचेसारखा सर्व्हर चुकीच्या पद्धतीने लावलेला असला तर त्याला मधलं पीएचपीही पुरतं. डिसेंबर २०२०मध्ये ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ या वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये असाच दोष सापडला. दोन आडनावांच्या मध्ये एखादं विशेष चिन्ह घातलं की त्याची गाळणी फसायची. हे प्लगइन तेव्हा ५० लाखांहून जास्त साइटवर होतं.

नाव सोडून आतला मजकूर तपासला तर? तो तपासायलाच हवा, पण तेवढ्याने भागत नाही. खऱ्याखुऱ्या फोटोमध्ये कॅमेऱ्याची माहिती लिहायची जागा असते, तिथे कोड लपवता येतो. फोटो दिसतोही छान. आणि कधीकधी तपासणाराच गंडतो. मे २०१६मध्ये ‘इमेजमॅजिक’ या चित्रांची काटछाट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला, तेव्हा नुसतं मुद्दाम बनवलेलं चित्र त्याच्यापुढे ठेवलं तरी त्यातल्या आज्ञा सर्व्हरवर चालायच्या.

म्हणून वॉचमन ठेवा, पण भिस्त त्याच्यावर नको. तो चुकला तरी आत आलेली फाइल मुकाट पडून राहील अशी जागा हवी. ती जागा कुणी करायची, इथे खरी गोची सुरू होते.

‘ते त्यांनी बघितलं असेल’

ही गोची समजायला २०१८ची एक गोष्ट पुरेशी आहे. ‘जेक्वेरी फाइल अपलोड’ नावाचं एक फुकट मिळणारं तयार साधन आहे. फॉर्ममध्ये अपलोडची सोय हवी की, जगभरचे डेव्हलपर ते उचलून लावायचे. त्याची हजारो रूपांतरं निघाली. ऑक्टोबर २०१८मध्ये अकामाई कंपनीतले संशोधक लॅरी कॅशडॉलर यांच्या लक्षात आलं की, त्यातून कुणीही पीएचपी फाइल चढवून ती चालवू शकतंय.

साधन बनवणाऱ्याने काळजी घेतली नव्हती का? घेतली होती. त्याने फोल्डरमध्ये ‘डॉट एचटीअॅक्सेस’ नावाची छोटी फाइल ठेवली होती. अपाचे सर्व्हरसाठी ती दारावरच्या पाटीसारखी असते: ‘या फोल्डरमधलं काही चालवू नये’. पण २०१० साली अपाचेने २.३.९ या आवृत्तीपासून स्वतःचा मूळ नियम बदलला. सर्व्हरच्या मालकाने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय अशा पाट्या वाचायच्याच नाहीत, असं ठरलं. त्यांचंही कारण योग्य होतं. वेग वाढतो आणि कुणीही पाटी लावून मालकाचे नियम मोडू शकत नाही.

आता बघा. साधन बनवणाऱ्याला वाटलं, पाटी लावलीये. सर्व्हर बनवणाऱ्याला वाटलं, ज्याला पाट्या हव्यात तो परवानगी देईल. साधन वापरणाऱ्याला वाटलं, एवढे लोक वापरतायत म्हणजे सुरक्षितच असणार. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दार आठ वर्षं सताड उघडं! ही फट कुणाला माहीतच नव्हती असंही नाही. ती कशी वापरायची याचे व्हिडिओ २०१५पासून यूट्यूबवर होते. शेवटी साधनाच्या मूळ नियमातच बदल करून फक्त चित्रांना परवानगी ठेवावी लागली.

तुमच्या साइटवर हेच अगदी सहज होऊ शकतं. समजा, कुणी जाणकाराने तुमच्या अपलोड्सच्या फोल्डरमध्ये अशी पाटी लावून दिली. वर्षभराने स्वस्त पडतं म्हणून तुम्ही होस्टिंग बदललंत. नव्या ठिकाणी अपाचेऐवजी ‘एन्जिनएक्स’ सर्व्हर आहे. तो ही पाटी कधीच वाचत नाही. साइट जशीच्या तशी दिसते, फोटो येतात, फॉर्म चालतो. कडी तेवढी गेलेली असते, आणि ती गेल्याचा आवाज येत नाही.

एका भिंतीआड दहा दुकानं

शेअर्ड होस्टिंग म्हणजे एका मोठ्या कॉम्प्युटरवर शेकडो साइट. चाळीसारखं समजा. खोली आपली, पण जिना, नळ, गच्ची सामाईक. म्हणून तर ते स्वस्त पडतं. पूर्वी अनेक ठिकाणी सगळ्या साइटचं पीएचपी एकाच नावाने चालायचं. एका खोलीत चोर शिरला की तो शेजारच्या खोल्यांमधल्या फाइलीही चाळू शकायचा. आता बऱ्याच होस्टिंग कंपन्या प्रत्येक खातं वेगळं कोंडून ठेवतात, त्यामुळे हा धोका कमी झालाय. तरी सामाईक गोष्टी उरतातच. शेजारच्या साइटवरून स्पॅम ईमेल सुटू लागले आणि सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत गेला की, तुमचं साधं ‘अर्ज मिळाला’चं ईमेलही लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं.

पण खरी जोखीम आपण स्वतः तयार करतो. सेकंड इयरपासून वेबसाइट करून देणारी मुलंमुली आज गावोगाव आहेत. क्लासची साइट, केटररची साइट, पतसंस्थेची साइट, गणेशोत्सव मंडळाची साइट. प्रत्येकासाठी वेगळं होस्टिंग परवडत नाही, म्हणून एकच खातं घ्यायचं आणि त्यात दहा डोमेन बसवायची. होस्टिंग कंपनी शेजाऱ्यापासून तुमचं रक्षण करते, पण एकाच खात्यातल्या दहा साइटमध्ये भिंत कोण घालणार? त्यातल्या मंडळाच्या साइटकडे गेल्या गणपतीनंतर कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं. तिथून वेबशेल शिरते आणि पतसंस्थेच्या फॉर्ममध्ये लोकांनी चढवलेले आधार नि पॅनचे फोटो तिच्या हाताला लागतात.

मग व्हायचं ते होतं. गूगल लाल पडदा दाखवतं, होस्टिंग कंपनी खातंच बंद करते आणि दहाच्या दहा क्लायंट एकदम फोन करतात. त्यांना वेबशेल वगैरे कळत नाही. ‘पोराने साइट केली आणि ती हॅक झाली,’ एवढंच कळतं. नुकतंच नाव कमवायला लागलेल्या मुलाला तो डाग पुसायला फार वेळ लागतो.

साफसफाईही सोपी नसते. आत शिरणारा एकच फाइल ठेवून जात नाही, चार ठिकाणी चार ठेवतो आणि त्यांच्या तारखाही जुन्या करून ठेवतो. सप्टेंबर २०२०मध्ये वर्डप्रेसच्या ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनमधून असा हल्ला झाला. ७ लाखांहून जास्त साइटवर ते होतं. त्यात वापरलेल्या एका तयार साधनातली नमुन्यासाठी दिलेली फाइल चालू राहिली होती आणि तिला लॉगिन लागत नव्हतं. गंमत म्हणजे काही हल्लेखोरांनी आत शिरल्यावर त्या फाइलला स्वतःचा पासवर्ड लावून टाकला, दुसरा चोर येऊ नये म्हणून! मालकाने न लावलेली कडी चोराने लावली.

छोट्यांचंच असं होतं, असंही नाही. एप्रिल २०२५मध्ये एसएपी या बलाढ्य कंपनीच्या ‘नेटवीव्हर’ सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन न करता फाइल चढवता येते, असं उघड झालं. धोक्याचे गुण १०पैकी १०. मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार ज्यावर चालतो, तिथेही हल्लेखोर हेच करत होते: फाइल चढवायची आणि तिचा पत्ता उघडायचा.

कायदा कुणाला विचारणार?

आजवर ‘साइट हॅक झाली’ म्हटलं की हळहळ व्यक्त व्हायची, साइट दुरुस्त व्हायची, विषय संपायचा. आता तसं राहणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या आदेशानुसार कंपन्या, होस्टिंग देणारे आणि सरकारी संस्था यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत.

त्याहून मोठा बदल डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने येतोय. कायदा २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दंडापेक्षा महत्त्वाचं एक कलम आहे. ज्याने लोकांकडून माहिती घेतली, जबाबदारी त्याची. काम दुसऱ्याला दिलं होतं, करार केला होता, असं सांगून सुटता येणार नाही. म्हणजे प्रवेशासाठी मार्कशीट मागणारं कॉलेज ‘ते होस्टिंगवाल्याकडे होतं’ किंवा ‘ते त्या मुलाने केलं होतं’ असं म्हणून हात झटकू शकत नाही.

हे चांगलंच आहे. पण वास्तव काय आहे? कॉलेजला अपलोड्स फोल्डर कुठे असतो ते माहीत नाही. साइट करणाऱ्या मुलाचं काम साइट लाइव्ह झाली की संपलं, पुढच्या देखभालीचे पैसे कुणी ठरवलेच नाहीत. होस्टिंग कंपनीच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की, तुमच्या फाइलींची जबाबदारी तुमची. कायद्याने बोट एकाकडे दाखवलं, तरी कडी प्रत्यक्षात तिसऱ्याच्याच हातात असते. २०१८मध्ये तीन प्रोग्रॅमरमध्ये जी फट होती, तीच इथे कॉलेज, फ्रीलान्सर आणि होस्टिंग कंपनी यांच्यामध्ये आहे. दंडाच्या भीतीने ती आपोआप बुजणार नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी ‘हे कोण बघणार’ ते कागदावर आलं तरच बुजेल. साइट लाइव्ह झाल्यावर अपडेट कोण करणार, दर महिन्याला किती तास देणार, त्याचे किती घेणार, हे पैशांच्या बोलणीतच ठरवा. मागायला संकोच वाटतो, कबूल. पण कुलपाचे पैसे न घेणारा सुतार पुढे चोरीचा जाब देत बसतो.

तुमचं दार उघडं आहे की बंद, हे पाच मिनिटांत कळतं. स्वतःच्या साइटच्या अपलोड्स फोल्डरमध्ये होस्टिंगच्या पॅनेलमधून एक पीएचपी फाइल ठेवा. आत एकच ओळ: दोन अधिक दोनचं उत्तर दाखव. मग तिचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. समोर ४ आलं तर तुमच्या सर्व्हरने ती फाइल चालवली, म्हणजे दार उघडं आहे. ‘परवानगी नाही’ असं आलं तर कडी लागलेली आहे. बघून झालं की फाइल लगेच पुसा. वर्डप्रेस स्वतःहून ही कडी लावत नाही, त्यामुळे ४ दिसलं तर घाबरू नका, पण झोपायच्या आधी लावा. आणि ही परीक्षा फक्त स्वतःच्या साइटची, दुसऱ्याच्या दाराची कडी वाजवून बघणं हा गुन्हा ठरू शकतो.

कडी लावायची ती अशी

• आधी विचारा, फाइल खरंच हवी का? निबंध स्पर्धेचा मजकूर फॉर्ममध्ये टाइप करून घेता येत असेल तर अपलोडचं बटणच नको.

• ‘काय नको’ची यादी कधीच पुरी होत नाही. ‘काय हवं’ची करा. मार्कशीटसाठी जेपीजी, पीएनजी आणि पीडीएफ पुरे. तपासणी सर्व्हरवर हवी, नाव आणि आतला मजकूर दोन्हीची.

• आलेल्या फाइलला स्वतःचं नाव द्या. पाठवणाऱ्याने दिलेलं नाव आणि त्यातली आडनावं तिथेच गळून पडली पाहिजेत. टिंबाने सुरू होणारं नाव तर अजिबात घेऊ नका. हल्लेखोर स्वतःची ‘डॉट एचटीअॅक्सेस’ पाटी चढवून तुमचे नियम उलटे करू शकतो.

• फोटो आला की तो नव्याने तयार करून ठेवा, म्हणजे आत लपवलेलं बरंचसं निघून जातं. ते करणारं सॉफ्टवेअर अपडेट ठेवा.

• अपलोड्स फोल्डरमध्ये काहीही चालवायची परवानगी काढा. होस्टिंग बदललं की दोन अधिक दोनची परीक्षा पुन्हा घ्या.

• जमत असेल तर लोकांची कागदपत्रं वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा आणि लॉगिन केलेल्यालाच दाखवा. फोल्डर उघडला की आतली सगळी यादी दिसतेय का, तेही बघा. दिसत असेल तर ती बंद करा, नाहीतर एकाची मार्कशीट दुसरा बघेल.

• एका फाइलचा आकार किती आणि एका माणसाने दिवसात किती फाइली चढवायच्या, याला मर्यादा घाला.

• एका साइटला एक खातं. परवडत नसेल तर निदान लोकांची कागदपत्रं घेणारी साइट तरी वेगळी ठेवा. अपलोड होत नाही म्हणून फोल्डरला ‘७७७’ म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन मोकळं व्हायचं, ही सवय सोडा.

• न वापरलेली प्लगइन नुसती बंद करू नका, काढून टाका. कार्यक्रम संपला की त्याचा फॉर्मही उतरवा.

• होस्टिंग घेताना तीन प्रश्न विचारा. माझं खातं शेजाऱ्यांपासून वेगळं कोंडलेलं आहे का? ‘डॉट एचटीअॅक्सेस’ इथे वाचली जाते का? बॅकअप किती दिवसांचा मिळेल? उत्तरं ईमेलवर घ्या, आणि तो ईमेल क्लायंटलाही पाठवा.

यातल्या एकाही गोष्टीला वेगळं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक संध्याकाळ लागते आणि ती संध्याकाळ आपल्या नावावर घेणारा एक माणूस लागतो. तुमच्या कॉलेजच्या फेस्टची साइट या वर्षी कोण करतंय? ग्रुपवर पोस्टर कुणी करायचं, स्पॉन्सर कुणी आणायचे याची नावं पडतात ना, त्यात एक ओळ वाढवा: अपलोडची कडी, आणि पुढे एक नाव.